स्मृती, प्रत्यभिज्ञा आणि ‘ट्टॉक्’ : फास्टर फेणे-मालिकेच्या आकर्षणाचा भाषिक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

वाई हे कोशांचे गाव आहे. धर्मकोशाचे खंड येथून प्रसिद्ध झाले, केवलानंद सरस्वतींचा मीमांसाकोश येथेच सिद्ध झाला, आणि मराठी विश्वकोशाचे कार्यही तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली येथेच उभे राहिले. त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा गावात राहणाऱ्या भाषाभ्यासकाने ज्या शब्दाला कोणत्याही कोशात जागा मिळण्याचा संभव नाही, अशा एका शब्दाविषयी लिहावे, हे काहींस चमत्कारिक वाटेल. तो शब्द म्हणजे ‘ट्टॉक्’. भा. रा. भागवत यांच्या ‘फास्टर फेणे’ ह्या साहसकथा-मालिकेचा नायक बनेश फेणे जिभेने जो आवाज काढतो, त्याची ही लेखी खूण होय.

गेल्या उन्हाळ्यात प्रस्तुत लेखकाने आपल्या दहा वर्षांच्या मुलीस ह्या मालिकेतील एक पुस्तक वाचून दाखविण्यास घेतले. काही पाने झाल्यावर तिने पुस्तक आपल्याकडे ओढून घेतले आणि विचारले, “ह्यात ‘ट’ दोनदा का लिहिला आहे?” प्रश्न साधा होता, उत्तर मात्र तत्काळ देता आले नाही. त्याचे कारण असे की, हा शब्द कसा लिहिलेला आहे, ह्याकडे लेखकाने बालपणी कधी पाहिलेच नव्हते. तो डोळ्यांनी वाचलेला नव्हता. जिभेने केलेला होता.

ह्या प्रसंगातून दोन प्रश्न उपस्थित झाले. पहिला असा की, बालपणी वाचलेल्या रहस्यकथांची ओढ प्रौढ वयात का राहते? रहस्यकथेचे रहस्य एकदा उलगडले की संपते. मग संपलेल्या रहस्याकडे परत जाण्यात कोणते सुख आहे? दुसरा प्रश्न असा की, ही ओढ पुढील पिढीस देता येते काय? ह्या दोन प्रश्नांचा भाषेच्या अंगाने विचार करणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. मालिकेचे वाङ्मयीन मूल्यमापन येथे अभिप्रेत नाही.

२. संज्ञेचा विचार

ज्या भावनेचा आपण विचार करीत आहो, तिच्यासाठी मराठीत एकच सर्वमान्य संज्ञा नाही. ‘स्मरणरंजन’ आणि ‘गतकातरता’ अशा दोन संज्ञा आज रूढ आहेत, आणि त्या परस्परांच्या पर्याय म्हणून वापरल्या जातात. वस्तुतः त्यांचे अर्थ विरुद्ध दिशांस जातात. पहिलीत सुख आहे, दुसरीत व्याकुळता. पाश्चात्त्य भाषांत प्रचलित असलेला ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द १६८८ मध्ये योहानेस होफर ह्या स्विस वैद्यकीय विद्यार्थ्याने बाझेल येथील आपल्या प्रबंधात घडविला. ‘परत घरी येणे’ आणि ‘वेदना’ ह्या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांचा तो समास आहे, आणि मुळात ते एका व्याधीचे नाव होते. परदेशी राहणाऱ्या माणसांस घराच्या आठवणीने जडणारा रोग, असा त्याचा अर्थ होता. त्या शब्दात प्रथम स्थळाचा वियोग होता. काळाचा वियोग हा अर्थ नंतर आला.

संस्कृत वाङ्मयाच्या वाचकास येथे ‘शाकुन्तला’च्या पाचव्या अंकाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. हंसपदिकेचे गीत ऐकून दुष्यंत सुखात असूनही पर्युत्सुक होतो. आपणांस कशाची ओढ लागली आहे, हे त्यास कळत नाही, आणि त्या ओढीचा संबंध तो पूर्वजन्मीच्या स्नेहाशी जोडतो. ‘पर्युत्सुक’ ह्या शब्दात सुख व व्याकुळता दोन्ही आहेत, आणि विषयाचे अज्ञानही आहे. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने हे तिसरे अंग विशेष महत्त्वाचे होय. बालपणीच्या पुस्तकाचे नाव निघताच प्रौढ मनुष्य हसतो, हरखतो. पण नेमके काय आठवले असे विचारल्यास त्यास सांगता येत नाही.

ह्याहून अधिक काटेकोर भेद न्यायशास्त्राने केला आहे. केवळ संस्कारापासून उत्पन्न होणारे ज्ञान ती स्मृती. परंतु पूर्वी पाहिलेला देवदत्त पुन्हा समोर येतो आणि ‘तोच हा’ असे ज्ञान होते, तेव्हा त्यात संस्काराबरोबर इंद्रियाचा वस्तूशी प्रत्यक्ष संबंधही असतो, ही प्रत्यभिज्ञा. स्मृतीचा आकार ‘तो’ असा आहे, तर प्रत्यभिज्ञेचा ‘तोच हा’ असा. स्मृतीस वस्तू समोर असण्याची गरज नाही. प्रत्यभिज्ञेस ती आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, मालिका-वाङ्मयाचे आकर्षण हे मूलतः प्रत्यभिज्ञेचे आकर्षण आहे, आणि आपण त्यास स्मृती समजतो, ही आपली चूक होय.

३. मालिका आणि तिचा कर्ता

भास्कर रामचंद्र भागवत (१९१०–२००१) यांनी एकोणीसशे पन्नासच्या दशकात ‘बालमित्र’ हे मासिक चालविले, ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठी मुलांपुढे आणल्या, आणि पुढे फास्टर फेणे निर्माण केला. मराठीत मुलांच्या नियतकालिकांची परंपरा त्यापूर्वीचीच होती, वा. गो. आपटे यांचे ‘आनंद’ मासिक १९०६ मध्ये सुरू झाले होते. प्रौढांसाठी बाबुराव अर्नाळकर यांच्या धनंजय, झुंजार आणि काळापहाड यांनी रहस्यकथेचा फार मोठा वाचकवर्ग निर्माण केलेला होता. परंतु अर्नाळकरांचे नायक वयाने मोठे, आणि त्यांच्या पुस्तकांकडे घरातील वडीलधाऱ्यांची दृष्टी वक्र. नायक शाळकरी, पुस्तक घरात उघडपणे वाचण्याजोगे, आणि तरीही उत्कंठा रहस्यकथेचीच, असा योग भागवतांनी साधला.

बनेश फेणे हा पुण्याजवळच्या फुरसुंगीचा, अंगाने काटकुळा, सायकलीवर भरधाव सुटणारा, आणि पुण्याच्या विद्याभवन शाळेतील विद्यार्थी. सुभाष देसाई हा त्याचा मित्र. फुरसुंगी हे कल्पित गाव नव्हे. हडपसरच्या पुढे ते आजही आहे, जरी पुण्याच्या वाढीने त्याचे रूप पालटले असले. अनुवादित साहसकथांतील खेडी व किनारे मराठी मुलास नकाशावरही सापडत नसत. फेणेचे गाव मात्र एस. टी.च्या पाटीवर वाचता येत असे. ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’ हे शीर्षक वाईच्या मुलाने वाचले, तर त्यास तो गड अनोळखी नसे. अफझलखानाचा तळ वाईस होता, हे तो इतिहासात शिकलेला असे. पसरणीचा घाट चढून पाचगणी-महाबळेश्वरमार्गे गडावर शाळेची सहल जाऊन आलेली असे. गोष्ट जेथे घडते आणि आपण जेथे राहतो, ती भूमी एकच आहे, ही जाणीव ह्या पुस्तकांच्या आकर्षणाचे पहिले कारण होय. तथापि एवढ्याने उलगडा होत नाही. कारण फुरसुंगी किंवा प्रतापगड कधीही न पाहिलेल्या वाचकांसही ही ओढ वाटत आलेली आहे.

४. नामाची घडण

भागवतांच्या इतर दोन बालनायकांची नावे ह्या नावाशेजारी ठेवून पाहावीत : बिपिन बुकलवार आणि नंदू नवाथे. तिन्ही ठिकाणी नाव व आडनाव यांचा आद्यवर्ण एकच आहे. अनुप्रास स्मरणास साहाय्य करतो, हे प्राचीन पाठपरंपरेपासून ठाऊक असलेले तत्त्व आहे. परंतु येथे आणखी एक गोष्ट घडते. ‘बुकलवार’ ह्यातील ‘-वार’ हा अंत्यघटक नांदेड-चंद्रपूर भागातील आडनावांत नेहमी आढळणारा. त्याच्या पोटात लेखकाने ‘बुक’ हा इंग्रजी शब्द बेमालूम बसविला आहे. पुस्तकवेड्या मुलाचे आडनाव खरेही वाटते आणि खोटेही.

‘फास्टर फेणे’ ह्या नावात हीच युक्ती अधिक सूक्ष्म आहे. एक पद इंग्रजी, दुसरे अस्सल मराठी. इंग्रजी ‘फास्टर’मधील आद्य ध्वनी घर्षक आहे, तर ‘फेणे’मधील ‘फ’ परंपरेने महाप्राण स्फोटक. म्हणजे ध्वनींच्या दृष्टीने हा काटेकोर अनुप्रास नव्हे. दोघांना एकत्र आणले ते देवनागरी लिपीने. अनेक मराठी भाषकांच्या बोलण्यात आज मराठी ‘फ’ही घर्षक झाला आहे, त्यामुळे हा लिपीतील अनुप्रास कानासही पटतो. दोन भाषांची सीमा एका अक्षरावर पुसली गेली आहे.

व्याकरणदृष्ट्याही हे नाव लक्षणीय आहे. ‘फास्टर’ हे इंग्रजी विशेषणाचे तरभाववाचक रूप आहे. तरभावास तुलनेचे दुसरे पद लागते. मराठीत तर ‘-पेक्षा’वाचून तुलना सहसा पुरी होत नाही. येथे मात्र ‘कोणापेक्षा?’ हा प्रश्न अनुत्तरित ठेवूनच विशेषणाचे विशेषनाम केले आहे. परिणामी तुलना प्रत्येक पुस्तकात नव्याने सुरू होते. फेणे सर्वांत वेगवान आहे, असे नाव सांगत नाही. समोर जो असेल त्याहून वेगवान, एवढेच सांगते. मालिकेच्या नायकास ह्याहून सोयीचे विशेषण मिळणे कठीण.

५. शीर्षकांचे व्याकरण

मालिकेतील शीर्षके एकत्र वाचली असता एक नियम दिसतो. ‘फुरसुंगीचा फास्टर फेणे’ ह्यात षष्ठी आहे. तो कोठला, हे ती सांगते. ‘चक्रीवादळात फास्टर फेणे’, ‘जंगलपटात फास्टर फेणे’ ह्यांत सप्तमी आहे, ‘प्रतापगडावर’ ह्यात शब्दयोगी अव्यय आहे. तो आता कोठे, हे ती रूपे सांगतात. ‘गुलमर्गचे गूढ आणि फास्टर फेणे’ ह्यात ‘आणि’ने जोडलेली दोन पदे आहेत. ‘फास्टर फेणे टोला हाणतो’ ह्यासारख्या शीर्षकात पूर्ण वाक्य आहे. रूपे निरनिराळी असली तरी रचना एकच : एक पद स्थिर, एक पद चल. स्थिर पद म्हणजे नायकाचे नाव. चल पद म्हणजे स्थळ, संकट किंवा कृत्य.

प्राग संप्रदायाच्या भाषाशास्त्रज्ञांनी वाक्यात ज्ञात अंश आणि नव अंश असा भेद केला. श्रोत्यास आधीच ठाऊक असलेल्या गोष्टीचा आधार घेऊन वाक्य नवी गोष्ट सांगते; दोन्ही अंशांवाचून संवाद पुढे सरकत नाही. मालिका म्हणजे हाच भेद पुस्तकांच्या पातळीवर नेणे होय. नाव, सवयी, मित्र आणि तो विशिष्ट आवाज हा ज्ञात अंश; गुन्हा, गुन्हेगार आणि उलगडा हा नव अंश. मुलास दोन्ही हवे असतात. केवळ नव्याची त्यास भीती वाटते, आणि केवळ ज्ञाताचा कंटाळा येतो.

आता तीस वर्षे जाऊ द्यावीत. काय उरते? प्रस्तुत लेखकाने स्वतःवर हा प्रयोग करून पाहिला. पुस्तके पुन्हा हाती घेण्यापूर्वी जे आठवते ते कागदावर उतरविले. शीर्षके आठवली, नायकाची अंगलट आठवली, मित्राचे नाव आठवले, आवाज आठवला. एकाही पुस्तकातील गुन्हेगार आठवला नाही. ज्ञात अंश टिकला, नव अंश गळून गेला. ह्याचे कारण उघड आहे : ज्ञात अंशाची प्रत्येक पुस्तकात आवृत्ती झाली, नव अंशाची एकदाच गाठ पडली.

येथे पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. संपलेल्या रहस्याकडे आपण परत जातो, असे म्हणणे बरोबर नाही. कारण ते रहस्य आपण विसरलेले असतो. प्रौढ वाचक पुस्तक उघडतो तेव्हा नायक त्यास पूर्ण ओळखीचा आणि कथा जवळजवळ नवी असते. बालपणी नवे पुस्तक हाती येताना जी स्थिती होती, तीच पुन्हा प्राप्त होते. म्हणजे ही ओढ जितकी स्मरणावर उभी आहे तितकीच विस्मरणावर. सर्व काही आठवत असते तर पुन्हा वाचण्यात रस उरला नसता. काहीच आठवत नसते तर पुस्तक परके वाटले असते. ‘तोच हा’ ह्या ज्ञानास दोन अंश लागतात : ‘तो’ संस्काराने पुरविलेला आणि ‘हा’ आता प्रत्यक्ष होणारा.

६. ‘ट्टॉक्’चा ध्वनी आणि लेखन

आता मुलीने विचारलेल्या प्रश्नाकडे वळू. मराठी शब्दाच्या प्रारंभी एकाच व्यंजनाचे द्वित्व येत नाही. ‘पट्टा’, ‘खट्टू’, ‘कच्चा’ ह्यांत ते मध्ये येते. प्रारंभी ‘प्र’, ‘व्य’, ‘स्त्र’ अशी विजातीय जोडाक्षरे चालतात, पण ‘ट्ट’, ‘क्क’, ‘प्प’ चालत नाहीत. ज्या थोड्या ठिकाणी हा नियम मोडलेला दिसतो, ती सर्व एका वर्गातील आहेत : हळहळ व्यक्त करणारे ‘च्च’, किळस दाखविणारे ‘श्शी’. दामल्यांनी ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त (१९११) ज्यांचा सविस्तर विचार केला, त्या केवलप्रयोगी अव्ययांच्या प्रदेशात आपण येथे येतो. शब्दारंभीचे द्वित्व ही वाचकास दिलेली सूचना आहे की, पुढे येते आहे ते सामान्य शब्दासारखे वाचावयाचे नाही.

‘ट्टॉक्’मध्ये अशा सूचना एक नव्हे, तीन आहेत. आरंभी द्वित्व, मध्ये ‘ऑ’ हा इंग्रजी शब्दांसाठी स्वीकारलेला स्वर, आणि अंती हलन्त. मराठीत अन्त्य व्यंजनाचा उच्चार ‘अ’काराविना होत असला तरी लेखनात आपण पाय मोडत नाही. १९६२ मध्ये शासनमान्य झालेल्या लेखनविषयक नियमांनी तर ‘क्वचित’, ‘कदाचित’, ‘अकस्मात’ यांसारखे तत्सम शब्दही अकारान्त लिहावेत, असे ठरविले. सामान्य लेखनातून हलन्त निघून जात असता ह्या एका शब्दात तो राहिला, किंबहुना राहणे आवश्यकच होते. आदि, मध्य आणि अंत ह्या तिन्ही स्थानी लेखननियमांपासून दूर जाणारा हा शब्द वस्तुतः शब्दच नव्हे. ती एका कृतीची लिपीतील खूण आहे.

ती कृती कोणती? ध्वनिशास्त्रात ज्यास चोषित ध्वनी म्हणता येईल, त्या जातीचा हा ध्वनी होय. आपले नेहमीचे वर्ण फुप्फुसांतून बाहेर येणाऱ्या वायूने घडतात. चोषित ध्वनीत फुप्फुसांचा संबंध नसतो. जिभेचा मागचा भाग मृदुतालूस टेकतो, पुढचा भाग दंतमूलापाशी किंवा तालूपाशी टेकतो. दोहोंमध्ये थोडी हवा कोंडली जाते. जीभ खाली ओढली की ती पोकळी वाढते, आतील दाब कमी होतो, आणि पुढचा स्पर्श सुटताच बाहेरची हवा आत शिरून टणत्कार होतो. दक्षिण आफ्रिकेतील झुलू, खोसा आणि खोइसान भाषांत असे ध्वनी वर्ण म्हणून वापरले जातात. त्यांच्या भेदाने शब्दांचे अर्थ बदलतात. मराठीच्या वर्णमालेत त्यांना स्थान नाही. परंतु मराठी भाषक ते काढीत नाहीत, असे मात्र नाही. हळहळताना आपण दातांमागे जीभ लावून जे ‘च्च’ करतो, तो चोषित ध्वनीच आहे. बैल हाकताना शेतकरी जो आवाज काढतो, त्यातही तो ऐकू येतो. मराठीच्या वर्णव्यवस्थेबाहेर, पण मराठी व्यवहाराच्या आत, असे ह्या ध्वनींचे स्थान आहे.

भागवतांनी ह्या सीमेवरील ध्वनीस नायकाची मुद्रा बनविले. मुलांच्या दृष्टीने त्याचे महत्त्व असे की, हा ध्वनी वाचता येत नाही. तो करावा लागतो. फेणेची सायकल सर्वांजवळ नसे, त्याची धावपळ सर्वांस साधत नसे. परंतु त्याचा आवाज प्रत्येकाच्या जिभेजवळ होता. वर्गात, घाटावर, मैदानात तो काढला की ऐकणाऱ्यास कळे, ह्यानेही ते पुस्तक वाचले आहे. रोमान याकोब्सन यांनी १९६० मध्ये भाषेच्या कार्यांची जी मांडणी केली, तीत केवळ संपर्क जोडणे व तो टिकविणे, हे एक कार्य सांगितले आहे. ह्या ध्वनीचे सामाजिक कार्य तेच होते. तो काही सांगत नसे. ‘आपण एकाच पुस्तकाचे आहो’ एवढे दाखवीत असे. शकुंतलेस जशी मुद्रिका, तशी ही वाचकांची परस्परांस पटविण्याची खूण, म्हणजे शब्दशः अभिज्ञान, होती. प्रौढपणी नाव निघताच जीभ आपोआप तालूकडे जाते, ह्याचे कारण तो संस्कार शब्दाचा नसून हालचालीचा आहे, हे होय.

७. इतर मालिकांची साक्ष

हे लक्षण केवळ मराठी नाही. अमेरिकेत १३ सप्टेंबर १९६९ रोजी ‘स्कूबी-डू’ ही हॅना-बार्बेरा यांची व्यंगपट-मालिका दूरचित्रवाणीवर सुरू झाली. चार तरुण आणि एक कुत्रा भुताटकीच्या जागी जातात, आणि शेवटी भुताचा मुखवटा काढला की आत माणूस निघतो, हा तिचा ठरलेला साचा. भारतात १९९५ मध्ये मुलांसाठी स्वतंत्र व्यंगपट-वाहिनी आल्यानंतर वाढलेल्या पिढीस ती मालिका ओळखीची आहे, आणि ती पिढी आज त्याच कातरतेने तिच्याविषयी बोलते. मुखवट्याआड कोण होते, हे त्यांनाही सहसा आठवत नाही. आठवतो तो कुत्र्याचा उच्चार, ज्यात शब्दारंभी ‘र’ येऊन बसतो. येथेही भाषेच्या ध्वनिनियमाचे शब्दारंभीचेच उल्लंघन आहे, आणि त्याचीच नक्कल मुले करतात.

बंगालीत सत्यजित राय यांनी १९६५ मध्ये ‘संदेश’ मासिकातून फेलूदा आणला. त्याच्या वाचकांनी जपलेली खूण ध्वनीची नाही, शब्दाची आहे : ‘मगजास्त्र’, म्हणजे मेंदू हेच अस्त्र. फारसी-अरबी वळणाचा ‘मगज’ आणि संस्कृत ‘अस्त्र’ यांचा हा संधी ‘बुकलवार’च्या जातीचाच आहे. तिन्ही उदाहरणांवरून इतके म्हणता येईल की, मालिकेतील कथानके काळाच्या ओघात गळतात, आणि मागे उरते ते भाषेच्या नेहमीच्या नियमांतून किंचित बाहेर पडलेले एखादे रूप. नियमभंग मुलांच्या ध्यानी चटकन येतो. कारण त्या वयात ती स्वतः नियम आत्मसात करीत असतात.

८. संक्रमणाचा प्रश्न

आता दुसरा प्रश्न. एकोणीसशे ऐंशीच्या दशकात सुमीत राघवन यांनी दूरदर्शनच्या मालिकेत फास्टर फेणेची भूमिका केली. २०१७ मध्ये आदित्य सरपोतदार दिग्दर्शित चित्रपट आला. त्यात अमेय वाघ हे नायक होते, आणि दिलीप प्रभावळकर यांनी साक्षात भा. रा. भागवतांची भूमिका केली. चित्रपटातील फेणे शाळकरी नव्हे, तरुण आहे. ह्यात दोष काढण्याचे कारण नाही. पण ही घटना सूचक आहे. पुस्तकांतील मुलगा वाढला नव्हता. वाढले होते ते वाचक, आणि चित्रपटाने वाचकांचे वय नायकास दिले. लेखक पात्र म्हणून आत आला, कारण प्रेक्षकांच्या आठवणीत नायक आणि लेखक एकत्रच नांदत होते. हे स्मरणरंजन उत्तम होते. परंतु ज्याने पूर्वी वाचले त्याचेच ते रंजन होते.

स्मरण वारशाने देता येत नाही. माझ्या बालपणाची आठवण माझ्या मुलीस होणार नाही. तिच्यापाशी तो संस्कारच नाही. ‘आमच्या वेळी काय पुस्तके होती!’ ह्या उद्गाराने मुले पुस्तकाकडे वळत नाहीत, उलट ते पुस्तक आईबापांचे आहे, असे समजून दूर ठेवतात. परंतु ध्वनी वारशाने देता येतो. तो देण्याची रीत मात्र मौखिकच आहे. कथेत आवाजाचे वर्णन असले तरी वर्णनावरून ध्वनी निघत नाही. शिक्षाग्रंथांत स्थान-प्रयत्न कितीही बारकाईने सांगितलेले असोत, केवळ ते वाचून कोणी वेदपठण शिकलेला नाही.

ह्याचा एक घरगुती पुरावा येथे नोंदवितो. १९९० च्या सुमारास लेखकाचे वडील, जे व्यवसायाने शिक्षक होते, हे पुस्तक मोठ्याने वाचून दाखवीत, तेव्हा ते ‘टॉक’ असाच उच्चार करीत. शाळेत मात्र इतर मुलांकडून खरा आवाज कळला होता. “अण्णा, तसे नाही,” असे म्हणून दुरुस्ती सुचविली असता त्यांनी उत्तर दिले, “जे लिहिले आहे ते मी वाचतो.” त्यांच्या बाजूने ते बरोबर होते. त्यांनी ते पुस्तक प्रौढपणी, एकट्याने, डोळ्यांनी वाचले होते. मुलांच्या मौखिक परंपरेत ते कधी नव्हते. लिपी त्यांच्यापर्यंत पोहोचली, ध्वनी पोहोचला नाही. आणि ज्या मुलीने गेल्या उन्हाळ्यात द्वित्वाचा प्रश्न विचारला, तीही नेमकी त्याच स्थितीत होती. तिच्या वर्गात हे पुस्तक वाचलेले दुसरे कोणी नाही. मधल्या एका पिढीत मुलांनी मुलांकडून घेतलेला ध्वनी मौखिक साखळी तुटताच पुन्हा अक्षर होऊन बसतो.

९. उपसंहार

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. मालिकेची ओढ स्मृतीची नसून प्रत्यभिज्ञेची आहे. ती स्थिर अंशाच्या संस्कारावर आणि चल अंशाच्या विस्मरणावर एकाच वेळी अवलंबून असते. ‘फास्टर फेणे’मध्ये स्थिर अंशाचे सर्वांत टिकाऊ रूप म्हणजे वर्णमालेबाहेरचा एक ध्वनी, आणि त्या ध्वनीचे संक्रमण लेखनाने नव्हे, तर सहवाचनाने होते. तेव्हा ह्या पुस्तकांविषयी ज्यांना आस्था आहे, त्यांनी आठवणी लिहिण्यापेक्षा एखाद्या मुलाजवळ बसून ती मोठ्याने वाचावीत, हे अधिक उपयोगाचे होईल.

आपल्या विभागातील विद्यार्थ्यांसाठी येथे एक लहानसे क्षेत्रकार्य सुचवावेसे वाटते. वाई, सातारा आणि सांगली परिसरात निरनिराळ्या वयाच्या वीस-पंचवीस वाचकांस ‘ट्टॉक्’, ‘च्च’, ‘श्शी’ अशी लेखी रूपे दाखवून त्यांचे उच्चार ध्वनिमुद्रित करावेत. कोण शब्द वाचतो आणि कोण कृती करतो, हे पाहावे. आणि प्रत्येकास तो उच्चार कोणाकडून आला, हे विचारावे. मराठीच्या वर्णव्यवस्थेबाहेरील ध्वनींचा असा संग्रह झाल्यास तो व्याकरणकारांस आणि कोशकारांस, दोघांसही उपयुक्त ठरेल.

मुलीच्या प्रश्नाचे उत्तर अखेर तोंडी द्यावे लागले. ‘ट’ दोनदा लिहिला आहे तो एकदाही उच्चारावयाचा नाही म्हणून, हे सांगून तिचे समाधान झाले नाही. जीभ कोठे लावावयाची ते दाखविल्यावर झाले. तिसऱ्या प्रयत्नास तिला आवाज साधला. त्या दिवशी संध्याकाळी ती पुस्तक घेऊन आजोबांजवळ बसली होती. त्यांनी चष्मा लावून ते पान वाचले, ‘टॉक’ असेच वाचले, आणि तिने त्यांस थांबविले.